नाट्यपदांच्या तबकड्या आणि त्यांचा कालनिर्णय

इ. स. १९११ च्या ‘मानापमाना’पासून १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’पर्यंतचें दशक संगीत रंगभूमीचा उत्कर्षकाल म्हणून ओळखलें जातें. त्याची थोरवी गाणारें वाङ्मय विपुल आहे. परंतु थोरवी गाणें निराळें आणि साधनांची परीक्षा करणें निराळें. अशोक दा. रानडे यांनीं १९८६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत महाराष्ट्राच्या नाट्यसंगीतास शास्त्रीय अभ्यासाचा विषय केलें. मायकेल किनिअर यांनीं हिंदुस्थानांतील १८९९ ते १९०८ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांची सूचि १९९४ सालीं प्रसिद्ध केली. असें असतांही या दशकावर लिहिणारांच्या हातून एक दोष वारंवार घडतो. त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

पदाचा जो काल तोच तबकडीचा काल, असें गृहीत धरण्यांत येतें, हा तो दोष होय. पोथ्यांच्या व्यवहारांत मुरलेल्या आमच्या वाचकांस रचनाकाल व लेखनकाल यांतील भेद सांगावयास नको. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीची शके १७०० मधील प्रत हातीं आली, तर तीवरून ज्ञानदेवांच्या भाषेचा निर्णय कोणी करीत नाहीं. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चें, त्यांतील चाली भास्करबुवा बखले यांच्या. पण तेवढ्यावरून त्या पदांची तबकडी १९१६ ची ठरत नाहीं. विजेच्या साहाय्यानें होणारें ध्वनिमुद्रण व्यापारांत आलें तें १९२५ सालीं. तत्पूर्वीं गवयास कर्ण्यासमोर उभें राहून गावें लागे. अर्थात् विजेवर घेतलेली कोणतीही तबकडी या दशकाची असूंच शकत नाहीं.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्यानें निर्णयांत अन्याय होतो. ‘संयुक्त मानापमाना’ंत बालगंधर्व भामिनी व केशवराव भोसले धैर्यधर झाले. केशवराव त्याच वर्षीं निवर्तले; त्यांच्या आवाजाचें जें मुद्रण असेल तें कर्ण्याच्याच काळचें. बालगंधर्व १९६७ पर्यंत हयात होते व विजेच्या काळांतही गायिले. एकाचें कर्ण्यांतील गाणें दुसऱ्याच्या विजेवरील गाण्याशेजारीं ठेवून श्रेष्ठकनिष्ठभाव ठरविणें म्हणजे गळ्याची नव्हे, यंत्राची परीक्षा होय.

लांबीचाही प्रश्न आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावतात. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत तेंच पद कितीतरी लांबे. तबकडी हा संक्षेप आहे, मूळ ग्रंथ नव्हे. उलट, छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचा जो निर्देश असतो, तो समकालीन पुरावा असूनही अभ्यासक त्यास ओलांडून जातात.

पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांपलीकडे तर दृष्टि क्वचितच जाते. आमच्या आचरा गांवीं आणि एकंदर मालवण किनाऱ्यावर जत्रेंत रात्रीं होणाऱ्या दशावतारांत पेटी, मृदंग व झांज यांच्या साथीवर नाट्यपदांच्या वळणाचीं पदें ऐकूं येतात. दशावतारी नटांचीं भाषणें बहुधा आयत्या वेळचीं असतात; लिखित संहिता हातीं लागण्याचा संभव थोडा. म्हणून नागर चालींची ही मौखिक शाखा गायकासमोर बसूनच टिपली पाहिजे.

तबकड्या निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांस साक्षीदार मानावें, पण साक्षीदाराचें वय प्रथम विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें. संग्राहकांनीं तबकडीवरील कागदी चिठ्ठी काढूं नये. तीलगत कोरलेला मुद्रणक्रमांक व चिठ्ठीवरील सूचिक्रमांक निरनिराळे उतरून घ्यावे. मागाहून काढलेली आवृत्ति असल्यास तशी नोंद करावी. किनाऱ्यावरील खारी, दमट हवा कागदास सोडीत नाहीं. चिठ्ठी गेली कीं आवाज उरतो, परंतु त्याचा पुरावा दुबळा होतो.