मधल्या जागेचे चित्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवला जातो, त्यावर झेंडा चढतो, आणि एका काठावरचे पांढुर्णा व दुसऱ्या काठावरचे सावरगाव यांच्यात गोटमार सुरू होते. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि जखमा आपापल्या घरी. अलीकडच्या वर्षांत या दिवशी प्रशासनाचे कॅमेरे व ड्रोनही हजर असतात. दगड कोणाच्या हातून सुटला हे ते चित्रण कदाचित सांगेल. परंतु दोन काठांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसते, हे सांगणे त्याचे काम नव्हे. तेच यंत्र कलावंताच्या हाती गेले म्हणजे काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला, आणि पुढल्याच वर्षी फाळणीने त्यांच्या कुटुंबाचे गाव परक्या देशात गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या या बाईंचे 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे व्हिडिओ-मांडणशिल्प १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडले गेले. मांडणशिल्प हे समोर उभे राहून पाहावयाचे चित्र नव्हे. मंडपात शिरावे तसे त्यात शिरावे लागते, आणि आत गेल्यावर पाहणारा स्वतःच त्याचा एक भाग होतो.

सआदत हसन मंटो यांच्या ज्या कथेवरून ही कृती सुचली, तीत फाळणीनंतर दोन्ही देश आपापल्या वेड्यांची अदलाबदल करतात. बिशनसिंग नावाचा वेडा एवढेच विचारीत राहतो की, आपले गाव टोबा टेक सिंग नेमके कोठे आहे? अखेरीस तो दोन सरहद्दींच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ती रेषा रक्ताने ओढली गेली नाही, म्हणून दोहोंची तुलना करणे अप्रशस्त होईल. तथापि बिशनसिंगाचा प्रश्न येथील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मलानी यांच्या दालनात पत्र्याच्या बारा ट्रंका आहेत, निर्वासिताने उचलून न्याव्यात तशा, आणि प्रत्येकीत एक चित्रपडदा चालू आहे. पाहण्यासाठी वाकावे लागते. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात. एक भारतातली, दुसरी पाकिस्तानातली. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. देवीला आलेल्या लुगड्यांच्या घड्या ज्यांनी घातल्या आहेत त्यांना ही क्रिया पुरती ठाऊक आहे: दोघींनी टोके धरावयाची, ताणावयाची, मग एकमेकींकडे चालत येऊन काठाला काठ लावावयाचा. येथे ते चालत येणेच अशक्य आहे, कारण मध्ये सबंध दालन आहे, आणि त्या दालनात आपण उभे आहोत. राजकारणावर इतके बोलणारी आणि इतकी अबोल अशी प्रतिमा आमच्या मते आपल्याकडील या कलाप्रकारात दुसरी नाही.

या कृतीमागे मे १९९८ मधील पोखरण व चगाई येथील अणुस्फोट आहेत. पोखरणचा अभिमान बाळगणारे वाचक पुष्कळ असतील, आणि त्यांनी तो सोडावा असा आमचा आग्रह नाही. आमचा आक्षेप कलेच्या बाजूने आहे. स्फोटांची व संहाराची जी दृश्ये बाईंनी भिंतीवर आणली, ती आपण वृत्तपटांत इतकी पाहिली आहेत की डोळा त्यांवरून घसरतो. तेथे कलावंत आपले मत सांगते. साडीपाशी ती काहीच सांगत नाही, आणि अभिमानी मनुष्यालाही क्षणभर मधल्या जागेत उभे करते. मताने मत क्वचितच हलते.

डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. म्हणून ध्वनीची मांडणी अधिक अवघड. मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांनी २०१७-१८ मध्ये केलेल्या आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात ठेवलेल्या कृतीत शंभर कवींच्या ओळी शंभर सळयांवर, दुकानदार पावत्या खोचतो तशा, खोचलेल्या आहेत. हे सारे कवी आपल्या लेखनापायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेले. वर शंभर मायक्रोफोन टांगलेले असून, ज्यात बोलावयाचे तेच येथे बोलतात. एक आवाज ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. कीर्तनात बुवांचे ध्रुपद टाळकरी उचलून धरतात तीच ही रीत, आणि भाषा कळत नसतानाही ओळ अंगावर येते. (अर्थ न कळणारे मंत्र ऐकण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये.) मात्र एकेका कवीचा अपराध वेगळा, काळ वेगळा, राजा वेगळा; समूहस्वरात हे भेद बुजतात, ही या कृतीची उणीव आम्हाला जाणवते.

मुंबईच्या त्या वस्तुसंग्रहालयात सहलीला आलेली मुले आणि गावाकडची माणसे येतात. ट्रंकांत वाकून पाहणारे तेच होते, हे मलानींचे भाग्य. नंतर अशा कृती बहुधा परदेशी दालनांत गेल्या. वीज, काळोख आणि एक मोठी खोली एवढीच त्यांची गरज आहे, आणि पत्र्याची ट्रंक सावरगावात कोणाच्या घरी नाही?