शुद्धिपत्राचे वाङ्मय : डोनल्ड कनूथ यांची चुकांची नोंदवही

मराठी ग्रंथांच्या अखेरीस शुद्धिपत्राचे एखादे पान जोडण्याची प्रथा जुनी आहे. वाचक ते पान क्वचितच पाहतो आणि समीक्षक तर त्याचा उल्लेखही करीत नाही. ग्रंथकाराच्या दृष्टीने ती एक नाइलाजाची कबुली असते आणि तीतही दोषाचा मोठा वाटा बहुधा मुद्रकाच्या पदरी घातलेला असतो. परंतु एखाद्या ग्रंथकाराने शुद्धिपत्रच मुख्य ग्रंथ मानून लिहिले, प्रत्येक चूक स्वतःच्या नावावर मांडली, आणि ती का घडली ह्याचा शोध घेतला, तर त्या लेखनाला कोणत्या वाङ्मयप्रकारात स्थान द्यावे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांच्या 'द एरर्स ऑफ टेख' ह्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ निबंधाने हा प्रश्न उपस्थित केला आहे. संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्याचा दिवस कसा जातो, साधनांशी त्याची झुंज कशी चालते, ह्याचे इतके प्रांजळ दर्शन अन्यत्र विरळाच घडते.

निबंधाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९७७ साली कनूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रामिंग' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापावयाची होती. शिशाच्या खिळ्यांची जुनी जुळणी मागे पडून छायाक्षरजुळणी आली होती, आणि तिने तयार झालेली मुद्रिते पाहून ग्रंथकार खिन्न झाला. आपला ग्रंथ सुबक छापला जावा म्हणून त्याने स्वतःच अक्षरजुळणीची एक आज्ञावली रचावयास घेतली. तिचे नाव 'टेख'. कला आणि कौशल्य ह्या दोहोंचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दातून ते घेतलेले आहे. १९७८ सालच्या मार्चमध्ये ही आज्ञावली प्रथम यंत्रावर चढविताना जी पहिली चूक आढळली, तिथपासून पुढे दहा वर्षे प्रत्येक फेरफार कनूथ यांनी टिपून ठेवला. अशा साडेआठशेंहून अधिक नोंदी निबंधाला परिशिष्ट म्हणून जोडल्या आहेत.

ह्या नोंदींची पंधरा वर्गांत केलेली विभागणी हा निबंधाचा सांगाडा होय. मूळ पद्धतीच चुकीची योजली जाणे, लिहिताना भलताच संकेत पडणे, हवे असलेले कार्य विसरून जाणे, दोन भागांचा मेळ न बसणे, कल्पनेतही न आलेला प्रसंग उद्भवणे, किंवा केवळ हस्तदोष होणे, असे हे वर्ग आहेत. प्रत्येकाला रोमन वर्णमालेतील एकेक अक्षर दिले आहे. प्रथमदर्शनी ही एखाद्या हिशेबनिसाची शिस्त वाटते. तथापि वाचक जसजसा पुढे जातो, तसतसे त्याच्या ध्यानी येते की हे यंत्राच्या नव्हे, मनाच्या व्यापारांचे वर्गीकरण आहे. यंत्र जे सांगितले तेच करीत असते. विसरते, गृहीत धरते, घाई करते, ते मन. म्हणूनच ही वही वरकरणी तांत्रिक असली, तरी तिची जात आत्मचरित्राची आहे.

ह्या मुद्द्याचा सर्वांत मार्मिक पुरावा कनूथ यांनीच दिला आहे. चूक आणि सुधारणा ह्यांमधील सीमारेषा कोणती, असा प्रश्न वर्गीकरण करताना त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी तर्काने दिले नाही, भावनेने दिले : जो फेरफार करताना अपराधी वाटले ती चूक, आणि जो करताना पुण्य केल्यासारखे वाटले ती सुधारणा. शास्त्रीय निबंधात असा निकष आढळणे हे नवल होय. वस्तुनिष्ठतेची शपथ वाहणाऱ्या विद्येत एका अधिकारी पुरुषाने सदसद्विवेकबुद्धीलाच मापदंड ठरविले आहे. निबंधाचे बळ येथे आहे आणि त्याची मर्यादाही येथेच आहे. कर्ता, आरोपी आणि न्यायाधीश ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असल्यामुळे निवाडा प्रामाणिक असला, तरी तो पडताळून पाहण्याचे साधन वाचकाच्या हाती उरत नाही. तोच फेरफार ज्या वापरणाऱ्याच्या पानाची नासाडी टाळून गेला, त्याच्या लेखी तो 'सुधारणा' असेलच असे नाही.

दैनंदिन श्रमाचे चित्रण हा निबंधाचा दुसरा विशेष. पहिला आराखडा केल्यावर कनूथ यांनी १९७७ च्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांकडून त्याचा नमुना करवून घेतला आणि त्यानंतर संपूर्ण आज्ञावली स्वतः नव्याने लिहिली. ती सगळी कागदावर हाताने लिहून होईपर्यंत त्यांनी यंत्रावर काहीच चालवून पाहिले नाही. त्या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, नव्या धर्तीच्या रचनेचा आराखडा करणाऱ्यानेच ती प्रत्यक्षात उतरवावी, तिचा पहिला मोठा वापर स्वतः करावा, आणि तिची पहिली माहितीपुस्तिकाही स्वतःच लिहावी. कारण ह्या प्रत्येक टप्प्यावर पूर्वी न दिसलेले दोष दिसू लागतात. शिकवू लागल्यावर आपले अज्ञान आपल्याला कळते, ह्या प्रत्येक अध्यापकाच्या अनुभवाचेच हे रूप आहे.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कनूथ यांचा अनुभव हा सर्वसामान्य आज्ञावलीकाराचा अनुभव नव्हे. त्यांच्यावर मालकाचा तगादा नव्हता, गिऱ्हाइकाची मुदत नव्हती, आणि कोणा अपरिचिताने लिहून सोडून दिलेला मजकूर निस्तरण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. आजच्या व्यवसायात मात्र बहुतेकांचा दिवस दुसऱ्याच्या चुका समजून घेण्यातच जातो. एकहाती निर्मितीत चूक लज्जेचा विषय होऊ शकते. समूहाच्या कामात ती बहुधा दोषारोपाचा विषय होते. ह्या फरकाकडे निबंध वळत नाही, आणि त्यामुळे त्यातील बोध सरसकट लागू करणे धाडसाचे ठरेल.

तरीही आजच्या वाचकाला हा निबंध जुना वाटत नाही. २००५ साली निर्माण झालेल्या 'गिट'सारख्या साधनांनी प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे अगदी सुलभ केले आहे. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली हे ते साधन अचूक सांगते. परंतु ती का बदलली हे सांगण्याचे काम त्याने माणसावरच सोपविले आहे, आणि त्या जागी पुष्कळदा 'दुरुस्ती केली' एवढेच दोन शब्द आढळतात. नोंदी वाढल्या, पण कबुली घटली. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला हा अनुभव अपरिचित नाही : पोथ्यांच्या शंभर प्रती हाती आल्या, तरी लेखकाने शब्द का बदलला हे एकही प्रत सांगत नाही. कनूथ यांच्या वहीचे मोल, तिने नेमके हे 'का' जतन केले, ह्यात आहे.

अखेरीस ह्या संहितेच्या समाप्तीचा विचार करावयास हवा. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. कनूथ यांनीही १९९० साली टेखची वाढ थांबविली. त्यानंतर केवळ चुकांची दुरुस्ती व्हावी आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक आवृत्तीचा क्रमांक 'पाय' ह्या संख्येच्या एकेक अंकाने जवळ जावा, अशी योजना केली. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक साक्षात 'पाय' व्हावा आणि उरलेल्या चुका ह्या चुका न मानता वैशिष्ट्ये मानाव्यात, असेही त्यांनी लिहून ठेवले. एकनाथांना मूळ संहितेची शुद्धता परत मिळवावयाची होती. कनूथ यांच्या मते पूर्ण शुद्धता कधीच हाती येत नाही; तिच्या दिशेने चालत राहावे एवढेच कर्त्याच्या हाती असते.

ह्या दृष्टीने पाहता 'द एरर्स ऑफ टेख' हा संगणकशास्त्राचा निबंध असूनही संशोधनाच्या नीतीचा निबंध ठरतो. शेवटचा निष्कर्ष नेटका मांडावयाचा आणि वाटेतल्या चुकलेल्या पायवाटा पुसून टाकावयाच्या, ही प्रबंधलेखनाची रूढ रीत आहे. तीमुळे प्रबंध वाचनीय होतो, पण पुढच्या अभ्यासकाला त्याच पायवाटांवर पुन्हा भटकावे लागते. चुकांची नोंदवही ठेवणे हा म्हणूनच विनयाचा देखावा नव्हे. ते पुढे येणाऱ्यांचे ऋण फेडणे आहे.