द्विवचनी मतदारसंघ

मराठीत द्विवचन नाही. संस्कृतमधला तो ऐवज आपल्या भाषेने वाटेत कधीतरी खाली ठेवला आणि एक किंवा अनेक एवढ्यावर भागवलं. पण मुंबईच्या गिरणगावाला दहा वर्षं एक द्विवचनी मतदारसंघ होता. १९५२ साली त्याचं नाव मुंबई शहर उत्तर. १९५७ला हद्दी हलल्या, तेव्हा त्याच वस्तीचा बराचसा भाग मुंबई शहर मध्य या नावाखाली आला. १९६२ला त्याचेही दोन तुकडे झाले. निकालाचे तक्ते रूक्ष असतात असं मानणाऱ्याने या तिन्ही निवडणुकांचे तक्ते एकाखाली एक मांडावेत आणि कविता वाचावी तसे सावकाश वाचावेत.

कविता वाचायची तर आधी वृत्त बघावं लागतं. इथलं वृत्त असं: जागा दोन, त्यातली एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला मतं दोन, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. १९५२ साली शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जाऊन कागद पेटीत टाकायचा. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर मोजणीत एकच धरायचा, दुसरा बाद. चळवळीच्या बोलीत याला मत कुजवणं म्हणत. शब्द अचूक आहे. फाडलेलं किंवा जाळलेलं मत दिसतं तरी. कुजवलेलं मत पेटीच्या तळाशी, आपल्याच माणसाच्या मताखाली, गुपचूप मरतं.

याच भागाने आधी एक वेगळं वृत्त अनुभवलं होतं. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवारावर ओतता येत. भायखळा-परळमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा निवडून आले. पडलेल्या उमेदवारांत होते नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. पंधरा वर्षांनी उमेदवार आंबेडकरच, मागची वस्ती बरीचशी तीच, पण नियम उलटा: एक मत आपल्याला, दुसरं आणखी कुणाला तरी. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या दुसऱ्या मताचं काय करायचं. माझ्या मते या मतदारसंघाचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरं.

आता १९५२चा तक्ता. काँग्रेसचे वि. बा. गांधी १,४९,१३८. समाजवादी अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे आंबेडकर १,२३,५७६. कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. पहिल्या वाचनात डोळा अडखळतो: दुसरा पडला आणि तिसरा निवडून आला! राखीव जागेचा हिशेब वेगळा, म्हणून मेहतांपेक्षा कमी मतं असूनही काजरोळकर लोकसभेत गेले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेखालच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडला. बहुतेक लेखक इथे थांबून हळहळतात. रसिकाने मात्र ओळीखालच्या ओळीपर्यंत जावं.

मेहता आणि आंबेडकर यांची युती होती. मेहतांचं झाड आणि आंबेडकरांचा हत्ती ही चिन्हं शेजारीशेजारी मतं मागत होती. तरी दोघांच्या आकड्यांत १६,१६५चं अंतर आहे. म्हणजे निदान एवढ्या माणसांनी झाडाच्या पेटीत कागद टाकला आणि हत्तीच्या पेटीपाशी हात आखडला. हे निव्वळ हरलेल्यांचं दुखणं म्हणावं, तर जिंकलेल्या जोडीकडे बघा. गांधी आणि काजरोळकर एकाच पक्षाचे आणि चिन्ह तर बैलजोडी! तिथेही राखीव जागेचा बैल ११,००१ मतांनी मागे. दोन जोड्या, एक युतीची, एक एकाच पक्षाची, दोन्हीकडे मागे राहिला तो दलित उमेदवार. कारणं अनेक असू शकतील, पण दोन ओळींचं यमक असं जुळावं हा मला योगायोग वाटत नाही. जात या तक्त्यात कुठे लिहिलेली नाही. ती दोन आकड्यांच्या मधल्या जागेत बसली आहे.

डांग्यांच्या गोटाने दुसरं मत कुजवण्याचा प्रचार केला असा आरोप झाला. आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. या कथेचा एक चरण मुंबईबाहेर, भंडाऱ्यात आहे. १९५४च्या पोटनिवडणुकीत तिथेही दोन जागा होत्या आणि हीच जोडी उभी होती. कार्यकर्त्यांचं म्हणणं पडलं की दुसरं मत कुजवलं तर बाबासाहेब नक्की येतील. त्यांनी ते मानलं नाही. मेहता निवडून आले, आंबेडकर पडले. मुंबईतल्या हरण्याला नियम कारणीभूत होता असं म्हणता येईल. भंडाऱ्यातलं हरणं त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करलं.

मग १९५७. आंबेडकरांना जाऊन जेमतेम तीन महिने झालेले. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मांडवाखाली कम्युनिस्ट आणि फेडरेशन एकत्र आलेले. मुंबई शहर मध्यमधून दोघे निवडून आले: श्रीपाद अमृत डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर फेडरेशनविरुद्ध मतं कुजवल्याचा ठपका होता, ते आता फेडरेशनच्याच माणसाचे जोडीदार. व्याकरणात याला इतरेतर द्वंद्व म्हणतात: दोन्ही पदं सारख्याच वजनाची, मध्ये न लिहिलेला ‘आणि’. तो ‘आणि’ मुंबईच्या मागणीने आणि हुतात्म्यांच्या रक्ताने घातला होता. गिरणीतल्या मराठा कामगाराने आणि त्याच गिरणीतल्या दलित कामगाराने एकमेकांच्या माणसाला दुसरं मत दिलं, असं वाचायला हा तक्ता मुभा देतो. सगळ्या मालिकेतली ही मला सर्वांत देखणी ओळ वाटते, आणि तशी ओळ पुन्हा आली नाही.

कारण वृत्तच मोडलं. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले. मुंबई शहर मध्यचे दक्षिण आणि उत्तर असे दोन भाग झाले, आणि १९६२ला दक्षिणेतून वि. बा. गांधी, उत्तरेतल्या राखीव जागेवरून काजरोळकर आले. १९५२चं तेच कडवं, आता दोन सुट्या ओळींत. महाराष्ट्र मिळाला होता, समितीतला ‘आणि’ विरला होता. आता प्रत्येकाला एकच मत. दुसऱ्याच्या माणसाचा विचार करण्याची सक्ती संपली. हिशेब सोपा झाला हे खरं, पण कुजवण्याजोगं मत गेलं तसं शेजाऱ्याला देण्याजोगं मतही गेलं.

एक पडसाद मात्र उरला. १९६७ आणि १९७१ला मध्य मुंबईतून काँग्रेसतर्फे रा. धों. भंडारे निवडून आले, एके काळचे आंबेडकरांचे सहकारी. ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जानेवारी १९७४मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. समोर कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. दलित पँथर या तरुणांच्या संघटनेने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून पडलेल्या दगडाने भागवत जाधव गेले. रोझाताई निवडून आल्या. एका आंबेडकरी माणसाच्या जोडीने बाप जिथून लोकसभेत गेला होता, त्याच गिरणगावातून मुलगी गेली. या वेळी कुजवायला दुसरं मत नव्हतं. एकच होतं, आणि पँथरने ते घरी ठेवायला सांगितलं होतं.