धुक्यामागे काय आहे?

संगणकावर रंगवलेली भयाण निसर्गचित्रं आपण इतकी बघतो, पण त्यातली फारच थोडी अस्वस्थ करतात. काळं आकाश, वठलेली झाडं, दूरवर पडका बुरूज, वर धुकं. सामान सगळं आहे. तरी आपण ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. भीती घालायला निघालेल्या चित्राला ‘छान’ म्हणणं ही तक्रारच झाली, नाही का?

तुलनेला स्विस चित्रकार आर्नोल्ड ब्योक्लीन यांचं ‘मृतांचं बेट’ घेऊ. १८८० ते १८८६ या काळात त्यांनी हा विषय पाचदा रंगवला. बर्लिनमधली १८८३ ची तिसरी आवृत्ती बघा. स्तब्ध पाणी, उभे कडे, मधोमध सायप्रसची काळी भिंत. धुकं नाही. कड्यात कोरलेल्या चौकटीसुद्धा स्पष्ट दिसतात. आणि समोर छोटी होडी, तिच्यात पांढऱ्या वस्त्रातली उभी आकृती.

ही होडी आधी नव्हती, बरं का. मारी बेर्ना या विधवेनं मागवलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती तिच्या विनंतीवरून आली. मग ब्योक्लीननी पहिल्या चित्रातही ती घातली. एवढ्यानं चित्र बदललं. होडीमुळे कडे किती उंच ते कळलं आणि आत जायची वाट मिळाली. ती वाट झाडांच्या काळोखात बुजते. भीती तिथे आहे.

आता आपलं डिजिटल चित्र. धुकं हा वरचा एक लेयर. कमी-जास्त करायला बोट सरकवलं की झालं. धुक्याशी भांडण नाही, अंतर दाखवायला ते लागतंच. पण बऱ्याचदा ते कच्चं रेखाटन झाकायला येतं. म्हणून तो लेयर क्षणभर बंद करून बघावा. जमीन कुठे संपते? तिथे माणूस उभा केला तर केवढा दिसेल? वाट कुठे अडते? उत्तरं नसतील, तर धुक्यामागे काहीच नव्हतं.

फाइलची प्रत काढायला आपल्याला क्षणही लागत नाही. पण आपल्या पाच प्रतींत बहुधा फक्त आकाशाचा रंग बदलतो. बदलायची असते ती बघणाऱ्याची जागा. आपण त्याला कुठवर नेतो आणि कुठे थांबवतो, एवढं ठरवलं की मग ब्रश कोणता, हा प्रश्न किरकोळ आहे.