रुपयाचा विनिमय दर : स्थिर की तरता? डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथाचा पुनर्विचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) हा ग्रंथ विनिमय दराच्या चर्चेत आजही मार्गदर्शक ठरतो. १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद झाल्या व पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सशी बांधला गेला. केन्स यांनी १९१३ मध्ये या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले. आंबेडकरांनी मात्र तीतील अनिर्बंध चलनवाढीचा धोका दाखविला. रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर नसेल, तर विनिमय दराचे स्थैर्य टिकत नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. स्वस्त रुपयाने निर्यातदारास होणारा लाभ मजुराच्या घटलेल्या वास्तव वेतनातून येतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

तथापि, चलननिर्मितीवर कायमची मर्यादा घालण्याचा त्यांचा उपाय एकांगी वाटतो. सुगीच्या हंगामात वाढणारी पैशाची मागणी त्यात कशी भागणार?

मार्च १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजारात ठरतो. रुपया घसरला की सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या निर्यातदारास दिलासा मिळतो. मिरजेतील रोजंदारीच्या कामगारास मात्र आयात खाद्यतेल महाग पडते. म्हणून दर स्थिर असावा की तरता, हे ठरविण्यापूर्वी त्याचा भार कोणावर पडतो, हा आंबेडकरांनी पुढे आणलेला प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.