'लाइन' : एक इंग्रजी शब्द आणि त्याचे मराठी अर्थ

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. शुद्धिवादी त्यांना पर्याय सुचवितात. द्वैभाषिक कोशकार त्यांचे इंग्रजी अर्थ मराठीत उतरवितात. परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे : शब्दाचा अर्थ त्याच्या मूळ भाषेतच ठरतो. 'लाइन' हा शब्द या गृहीताला बाध आणतो.

इंग्रजीत या शब्दाचा विस्तार मोठा आहे. लॅटिनमधील तागासारख्या एका वनस्पतीच्या धाग्यावरून तो निघाला. धाग्यावरून रेषा, रेषेवरून रांग, सीमा, वंशपरंपरा, कवितेचा चरण, व्यवसाय असे अर्थ वाढत गेले. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. त्यानंतर सहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. पाठोपाठ तारायंत्र आले. मराठीने हा शब्द मुख्यतः अशा कामकाजातून घेतला, पुस्तकातून नव्हे. म्हणूनच वंश आणि कवितेचा चरण हे दोन अर्थ मराठीत आलेच नाहीत. तेथे 'कुळी' आणि 'ओळ' आपापल्या जागी कायम राहिल्या.

साक्री तालुक्यातील पिंपळनेरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चाळीसगाव-धुळे लोहमार्ग १९०० मध्ये झाला. पिंपळनेरला मात्र रूळ कधीच पोहोचले नाहीत. तरीही 'लाइन' तेथे घरोघरी आहे, आणि शेतकऱ्याच्या तोंडी तिचा पहिला अर्थ 'विहिरीवरील मोटारीला मिळणारी वीज' हा होय. 'लाइन उनी का?' हा अहिराणी प्रश्न तारेविषयी नसतो. तार तर खांबावर अहोरात्र असतेच. घरातली जाते ती बहुधा 'लाइट'. शेतात येते ती 'लाइन'. रूढ इंग्रजीत हा शब्द तारेचा वाचक आहे, तारेतून वाहणाऱ्या विजेचा नव्हे. आधारावरून आधेयाचा बोध करून देणारी ही लक्षणा आहे, आणि ती येथेच घडली आहे.

व्याकरणाची साक्षही हेच सांगते. 'लाइन' स्त्रीलिंगी झाली, कारण ओळ, रांग, रेषा हे तिचे शेजारी स्त्रीलिंगी आहेत. परंतु तिचे रूप 'रांग-रांगा-रांगेत' असे चालत नाही. 'ओळ-ओळी-ओळीत' याप्रमाणे 'लाइनी, लाइनीत' असे चालते. फायली, सायकली, पेन्सिली यांनीही हाच वर्ग पत्करला आहे. विभक्तिप्रत्यय घेणाऱ्या शब्दाला पाहुणा म्हणणे कठीण आहे.

वाक्प्रचारांत हे अधिक स्पष्ट होते. 'लाइन क्लिअर' ही गाडी सोडण्याची रेल्वेतील परवानगी. मराठीत ती लग्नापासून कर्जापर्यंत कोणत्याही अडलेल्या कामाला लागते. 'लाइनीवर आणणे' याला इंग्रजीत जवळचा प्रयोग आहे, पण मराठी कानाला त्यात 'रुळावर आणणे' ऐकू येते. 'लाइन मारणे' तर इंग्रजीतून नव्हे, हिंदीच्या संगतीने आले. 'पोलीस लाइन' ही इंग्रजीत अनेकवचनी बराक. मराठीत ती एकवचनी वस्ती, आणि 'लाइनीतली पोरे' हा एक सामाजिक वर्गच.

शासकीय परिभाषेने तारेसाठी 'वाहिनी' हा शब्द चालविला. शब्द सुरेख आहे; तथापि 'वाहिनी आली' असे कोणी म्हणत नाही, कारण त्याने केवळ तारेची जागा घेतली, विजेची नाही. माधव जूलियन यांच्या 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) या ग्रंथापासून चालत आलेली पर्यायांची परंपरा येथेच अपुरी पडते. एका शब्दास एक पर्याय ठरविताना मराठीत त्या शब्दाचे किती अर्थ झाले आहेत, हे आधी मोजावयास हवे होते.

याचा उपद्रव वर्गात दिसतो. 'लाइन गेली' हे वाक्य विद्यार्थी शब्दशः इंग्रजीत उतरवितो आणि ते कच्चे इंग्रजी ठरते. वस्तुतः ते पक्के मराठी असते. दोन भाषांतील अर्थभेद त्याला कोणी दाखविलेला नसतो. इंग्रजी अर्थ आधी व देशी अर्थ शेवटी, किंवा मुळीच नाही, अशा कोशाची त्याला मदत होत नाही.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा खानदेशी भाषेविषयीचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या शिवारात वीज नव्हती. आज अहिराणीचा कोश करणाऱ्याने 'लाइन' या नोंदीत शेतीची वीज हा अर्थ प्रथम द्यावा, त्यानंतर रांग, मग धंदा, मग वस्ती. रेषा हा अर्थ शाळेपुरता म्हणून अखेरीस नोंदविला तरी चालेल.