भोंगा वाजला, आता जायचं कुठे?

७ मे २०२५ ला केंद्रीय गृहमंत्रालयाने देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठेवला. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांत ‘रोहा-धाटाव-नागोठणे’ हे नाव होतं, दुसऱ्या श्रेणीत. का होतं, ते सांगायला तज्ज्ञ नको. धाटावला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे.

सूचना काय होत्या? भोंगे वाजवा, दिवे मालवा, लोकांना हलवण्याची तालीम करा, बंकर-खंदक साफ करा. हा शेवटचा मुद्दा धाटावच्या जमिनीवर ठेवून बघा. खंदक माणसाला बॉम्बच्या कपच्यांपासून वाचवतो. १९७१ च्या युद्धात मुंबईत दारांसमोर विटांच्या आडभिंती बांधल्या, त्या त्यासाठीच. जम्मूच्या सीमेवर केंद्राने २०१७ मध्ये १४,४६० बंकर मंजूर केले, ते तोफगोळ्यांसाठी. तिथे ते योग्यच आहे.

धाटावला मात्र बॉम्बइतकाच धोका फुटलेल्या टाकीचा. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात साचतो. म्हणजे खंदकात उतरलेला माणूस वायूच्याच वाटेत बसणार! आणि पावसाळ्यात त्या खंदकात पाणी असणार, ते वेगळंच.

इथला निवारा म्हणजे पक्क्या इमारतीचा वरचा मजला. दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओले कपडे कोंबायचे, पंखे बंद. हे कौलारू घरात जमत नाही, कौलांतून हवा येतेच. म्हणून निवारा सार्वजनिकच हवा: शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर.

कायदा आड येतो का? अजिबात नाही. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात २००९ साली आपत्ती व्यवस्थापन घातलं गेलं. रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांनुसार औद्योगिक वसाहतीच्या स्थानिक गटाने आजूबाजूच्या लोकांना उपाय समजावून सांगायचे आहेत. माझी तक्रार एवढीच, की यादीत नाव आलं कारखान्यांमुळे आणि सूचना आल्या सरसकट, सगळ्या देशाला एकच.

भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री लोक झोपेतून उठून धावत सुटले. कुठे जायचं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा पुढच्या सरावाआधी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आमच्या वाडीने कुठल्या इमारतीत जायचं? वायूचा भोंगा आणि विमानहल्ल्याचा भोंगा वेगळा ओळखायचा कसा? आणि रात्री दोन वाजता त्या शाळेची किल्ली कोणाकडे असते?